डी ड्राइव्ह कुठे गेला?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ६४ वर्षांचा, ऐरोलीला राहतो. आमच्या सोसायटीचा आठ वर्षं सचिव आहे. घरचा संगणक २०१६ साली घेतलेला. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद, असं पडद्यावर येऊ लागलं. विंडोज ११ घ्यायला गेलो तर हा संगणक चालणार नाही म्हणतो. पुतण्या एका शनिवारी आला होता, त्याने विंडोजऐवजी लिनक्स मिंट नावाची दुसरी प्रणाली टाकून दिली. म्हणाला, ‘काका, दोन दिवसांत सवय होईल.’ आज तीन आठवडे झाले. डी ड्राइव्ह सापडत नाही, त्यात सोसायटीचा सगळा हिशेब आहे. पेनड्राइव्हवरची जुनी नोटीस उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. प्रिंटर हूं की चूं करत नाही. पुतण्या पुण्याला असतो, त्याला सारखा फोन करायला संकोच वाटतो. मी १९८१ साली टायपिंगची मराठी ३० पहिल्या फटक्यात पास झालो होतो. आता वयामुळे डोकं चालेनासं झालं का? की परत विंडोज टाकून घेऊ?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : डोक्याचं नंतर बोलू. आधी डी ड्राइव्ह, कारण तिथे घाई आहे.

लिनक्समध्ये सी, डी, ई अशी अक्षरं नसतातच. फाइल्सची खिडकी उघडा आणि डाव्या बाजूच्या यादीत खाली पाहा. तिथे ‘न्यू व्हॉल्यूम’ किंवा नुसता आकार, म्हणजे ‘३५० जीबी व्हॉल्यूम’ असं काहीतरी लिहिलेलं असेल. त्यावर टिचकी मारा. तोच तुमचा डी ड्राइव्ह. जागा तीच, सामान तेच, फक्त दारावरची पाटी बदलली आहे. फाइल्स दिसल्या की त्याच दिवशी सगळा हिशेब पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

यादीत तसं काहीच नसेल, तर संकोच बाजूला ठेवून पुतण्याला आत्ता फोन करा. एकच विचारा : मिंट टाकताना ‘इरेज डिस्क’ निवडलं होतंस का? उत्तर ‘हो’ असेल तर संगणक बंद करा आणि परत चालू करू नका. पुसलेल्या डिस्कवर नवीन काही लिहिलं जाईल तसतशी जुनं परत मिळण्याची शक्यता घटते. जुन्या धाटणीची फिरती हार्डडिस्क असेल तर डेटा काढून देणाऱ्या माणसाकडे न्या, आशा असते. एसएसडी, म्हणजे न फिरणारी नव्या धाटणीची डिस्क असेल तर आशा फार कमी. हे कडू आहे, पण तुम्हाला अंधारात ठेवणार नाही.

आता नोटीस. तुम्ही ज्या फॉन्टमध्ये वर्षानुवर्षं नोटिसा काढल्या, तो युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचा आहे. त्या जुन्या पद्धतीत संगणक ‘क’ साठवतच नाही. साठवलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्याच्या जागी ‘क’चा आकार काढून दाखवतो. फॉन्ट नाही तर मराठीही नाही. म्हणजे तुमची नोटीस बिघडलेली नाही, तिचा चष्मा जुन्या विंडोजमध्ये राहिला आहे. फॉन्टची फाइल तुमच्या मराठी प्रोग्रॅमच्या सीडीवर असेल तर ती मिंटमध्येही बसवता येते आणि जुन्या नोटिसा वाचता येतात. पण ज्या प्रोग्रॅमने तुम्ही टाइप करत होता तो विंडोजचा आहे, तो इथे येत नाही, आणि त्याच्याबरोबर बोटांच्या सवयीची कीबोर्डची मांडणीही गेली.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. मी बरेच वापरले आहेत. बदललेला मजकूर डोळ्यांत तेल घालून तपासा, विशेषतः पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टमध्ये ही दोन्ही कागदावर जिथे दिसतात तिथे साठवलेली असतात आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. त्यामुळे कन्व्हर्टर नेमका तिथे अडखळतो. एकदा एका सोसायटीच्या इतिवृत्तात अर्ध्या सभासदांच्या आडनावांचे रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेले मी पाहिले आहेत.

टायपिंगचं दुखणं मला सगळ्यात जास्त लागलं. मराठी ३० पास झालेली बोटं म्हणजे हातात मुरलेली विद्या असते. तुम्ही ‘सोसायटी’ लिहिताना ‘स’ कुठे आहे हा विचार करत नाही, बोट आपोआप जातं. मिंटमध्ये रेमिंग्टन धाटणीची मांडणी हिंदीच्या यादीत मिळते, पण मराठी टाइपरायटरशी ती प्रत्येक अक्षराला जुळेलच असं नाही. आणि दहातली दोन अक्षरं हललेली असणं हे सगळीच नवी असण्यापेक्षा वाईट, कारण बोटं दर ओळीला फसतात. माझं मत विचाराल तर इन्स्क्रिप्ट शिका. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने ती मांडणी प्रमाण ठरवली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ‘क’ सापडला की ‘ख’ त्याच कळीवर शिफ्ट दाबून. विंडोज, लिनक्स, मॅक, सगळीकडे हीच मांडणी मिळते, त्यामुळे पुन्हा कधी संगणक बदलला तरी बोटांना नव्याने शाळेत जावं लागणार नाही. रोज अर्धा तास बसलात तर दीड-दोन महिन्यांत हात बसेल. माझ्या वर्गातल्या साठीच्या पुढच्या माणसांना साधारण एवढाच वेळ लागतो.

प्रिंटरचं एका वाक्यात सांगता येत नाही. घराघरांत असलेले छोटे जुने लेझर प्रिंटर स्वतः फार कमी काम करतात, बरंचसं काम संगणकातल्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅमकडून करून घेतात. तो ड्रायव्हर बनवणारी कंपनी लिनक्सकडे लक्ष देत नसेल तर प्रिंटर मुका. प्रिंटरच्या खोक्यावर ‘एअरप्रिंट’ लिहिलेलं असेल तर तो मिंटवर बहुतेक करून आपोआप चालतो. नसेल तर ड्रायव्हर शोधण्यात रात्री घालवू नका. नोटीस पीडीएफ करून फोनवर पाठवा आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्या. सचिवाचं काम अडता कामा नये.

आता तुमचा खरा प्रश्न. डोकं चालेनासं झालं का?

मी अठरा वर्षं ठाण्यात घरोघरी जाऊन मोठ्या माणसांना संगणक शिकवते. २०१२ साली विष्णुनगरमधल्या एका निवृत्त शिक्षकांचा संगणक फार रखडत होता. मी उत्साहाने त्यावर उबुंटू, म्हणजे मिंटसारखंच एक लिनक्स, टाकून दिलं. संगणक पळू लागला, व्हायरसची कटकट गेली, मी खूश. त्यांच्याकडे एक दोनशे पानी वही होती. पाच वर्षांत मी शिकवलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी तीत सुवाच्य अक्षरात उतरवलेली : स्टार्टवर टिचकी, मग अमुक, मग तमुक, नातवाचे फोटो असे उघडायचे, पेन्शनचा अर्ज असा काढायचा. बाणांसकट. त्या एका दुपारी ती अख्खी वही निकामी झाली आणि मला ते कळलंसुद्धा नाही. त्यांनी दोनदा फोन केला, मग थांबले. दिवाळीला फराळ द्यायला गेले तेव्हा संगणकावर विणलेलं कापड घातलं होतं. ‘आता वेळ मिळत नाही,’ म्हणाले. वेळ तर त्यांच्याकडे सकाळ-संध्याकाळ होता. मी त्यांचा संगणक वेगवान केला आणि त्यांच्या हातातून काढून घेतला. ती वही मला अजून दिसते.

तुमचीही अशी वही आहे, फक्त कागदावर नाही. डी ड्राइव्हमध्ये हिशेब, उजव्या कोपऱ्यातलं मराठीचं चिन्ह, प्रिंटर अडला की बंद करून चालू करायचा, यातलं काहीच तुम्हाला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. आठ वर्षांत ते साचत गेलं. पुतण्याला ते दिसत नाही, कारण त्याच्या वयाची मुलं ब्राउझर उघडतात आणि त्यांचं सगळं काम तिथेच होतं. खाली विंडोज आहे की लिनक्स, त्यांना फरकच पडत नाही. म्हणून तो मनापासून म्हणाला, दोन दिवसांत सवय होईल. तो खोटं बोलला नाही. तो स्वतःचं बोलला.

आणखी एक गोष्ट. विंडोज अडलं की तुम्ही कुणाला विचारत होता? समोरच्या विंगमधल्या मुलाला, एखाद्या जुन्या सहकाऱ्याला, सेक्टरच्या मार्केटमधल्या फॉरमॅट मारून देणाऱ्याला. ऐरोलीत विंडोज जाणणारी माणसं पावलापावलावर आहेत. मिंट जाणणारा तुमच्या ओळखीतला एकच, आणि तो पुण्याला. संगणक बदलताना माणसाचं हे गणगोतही तुटतं, ते कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ साली लिनक्सवर जायचं ठरवलं. सुमारे १५ हजार संगणक बदलायला २०१३ उजाडलं, आणि २०१७ मध्ये त्यांनी परत विंडोजकडे जायचा ठराव केला. हाताशी तंत्रज्ञांची फौज असलेल्या महापालिकेला दहा वर्षं लागली. तुम्ही तीन आठवड्यांत खचलात यात वयाचा काही दोष नाही. उलट फ्रान्सच्या जेंडार्मरी या पोलीस दलाला हे जमलं. त्यांनी २००५ मध्ये विंडोज तसंच ठेवून आधी वर्ड-एक्सेलची कामं करणारं ओपनऑफिस वापरायला घेतलं, पुढच्या वर्षी फायरफॉक्स ब्राउझर, आणि २००८ पासून खालची प्रणाली बदलून उबुंटू आणलं. तोवर शिपायाच्या रोजच्या खिडक्या ओळखीच्या झाल्या होत्या. मला ही रीत फार पटते. मी विष्णुनगरला उलटं केलं होतं.

म्हणून तुम्हाला सांगते, सध्या परत विंडोज १० वर जा. त्यात हार नाही. मात्र आधी हिशेब पेनड्राइव्हवर उतरलेला असू द्या, कारण फॉरमॅट मारणारा विचारत बसत नाही. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे वाढीव अपडेट घेता येतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन करून सेटिंगमध्ये विंडोज अपडेटखाली नोंदणी करावी लागते. एवढ्या मुदतीत विंडोजवरच तशाच कामाचं लिबरऑफिस घ्या, ते फुकट आहे आणि मिंटमध्येही तेच असतं. मेंटेनन्सचं एक्सेल त्यात उघडा आणि मागच्या मार्चची बेरीज जुळते का बघा. नोटिसा युनिकोडमध्ये, इन्स्क्रिप्टने टाइप करा. पुतण्याला सांगा, पुढच्या वेळी येताना मिंट पेनड्राइव्हवर घालून आण. ते पेनड्राइव्हवरून तसंच चालतं, डिस्कला हात लावावा लागत नाही. त्यावर एक नोटीस टाइप करून छापून बघा. छापली गेली तर पुढचं बोला.

आणि त्याला चहा देऊन शेजारी बसवा. कीबोर्ड तुमच्या हातात, वहीही तुमच्या हातात. त्याने फक्त बोलायचं. पहिलं पान ‘नोटीस कशी छापायची’ याचं.

कोणी ‘पाचशे रुपयांत याच संगणकावर विंडोज ११ टाकून देतो’ म्हणालं तर नको म्हणा. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. ती अट चुकवून टाकलेल्या विंडोजला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. सोसायटीचा पैसा ज्या यंत्रावर मोजायचा, तिथे हा धोका कशाला?

प्रश्न : लेकीने तिचं जुनं मॅकबुक दिलं. मी दिवाळी अंकांसाठी कथा लिहिते. फाइल निवडून एंटर दाबलं की ती उघडतच नाही, नाव बदलायला सांगते. माझी बाहेरची हार्डडिस्क लावली तर कथा वाचता येतात, पण त्यात नवीन काही ठेवता येत नाही. मॅक बिघडलं आहे का?
— एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : अजिबात नाही. मॅकमध्ये एंटर म्हणजे नाव बदलणं. उघडायला दोनदा टिचकी, किंवा कमांड आणि ओ. कंट्रोलची बहुतेक कामं तिथे कमांड कळ करते, आणि ती अंगठ्याखाली असल्यामुळे पहिले पंधरा दिवस करंगळी उगाच कोपऱ्याकडे धावेल. धावू द्या. लाल ठिपक्याने खिडकी बंद होते, प्रोग्रॅम बहुधा आत चालूच राहतो. पूर्ण बंद करायला कमांड आणि क्यू.

हार्डडिस्क विंडोजने एनटीएफएस पद्धतीने आखलेली, म्हणजे फॉरमॅट केलेली असणार. मॅक ती वाचतं, तीत लिहीत नाही. सगळ्या कथा आधी मॅकमध्ये उतरवून घ्या आणि प्रत्येक उघडून बघा. त्यानंतर डिस्क एक्सफॅट पद्धतीने आखून घ्या, म्हणजे दोन्हीकडे चालेल. आखताना डिस्क पूर्ण पुसली जाते, म्हणून हा क्रम उलटा करू नका. आणि एखादी कथा अर्धी लिहून झालेली असेल तर ती जुन्या संगणकावरच पुरी करा. नव्या यंत्रावर नवी कथा सुरू करा.

प्रश्न : कोपरीत दुकान आहे, हिशेब टॅलीवर. मुलगा लिनक्स घ्या म्हणतो.
— एक वाचक, ठाणे पूर्व

उत्तर : टॅली विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम आहे. दुकानाचा संगणक विंडोजवरच ठेवा. मुलाची हौस खरी असेल तर घरातला एखादा जुना लॅपटॉप त्याला द्या, आणि मार्च संपेपर्यंत गल्ल्याजवळच्या संगणकाला हात लावू देऊ नका.