अमेरिकेत पिण्याचं वय २१ झालं, पण बदललं कोण?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत किशोरवयीन मुलांच्या पिण्याकडे बघण्याची नजर बदलली ती कायद्यामुळे की चळवळीमुळे. माझ्या मते दोन्हींमुळे. फक्त दोन्हींचा मोठा परिणाम आधी झाला तो मोठ्या माणसांवर, मुलांवर नंतर. ‘सरकारने वय वाढवलं आणि पोरं सुधारली’ असं तिथे घडलेलं नाही.

सत्तरच्या दशकात तर वारं उलटं होतं. अठराव्या वर्षी व्हिएतनामला लढायला पाठवता, मग मत का देऊ देत नाही, या वादातून १९७१ मध्ये मतदानाचं वय १८ झालं. त्याच ओघात निम्म्याहून जास्त राज्यांनी पिण्याचं वयही खाली आणलं. आपल्या राज्यात मिळत नसेल तर मुलं गाडी काढून शेजारच्या राज्यात जायची आणि रात्री पिऊन परतायची. त्या हद्दींना ‘रक्ताच्या सीमा’ असंच नाव पडलं. मिशिगनने १९७८ मध्ये लोकांचं मत घेऊन वय पुन्हा २१ केलं, पण घरोघरची भावना बदलली नव्हती: पोरं आहेत, पिणारच, आपणही प्यायचो. कोर्टातही पिऊन गाडी चालवणाऱ्याबद्दल कणव असायची, कारण हे कधी ना कधी आपणही केलंय असं अनेकांना मनातून ठाऊक होतं.

३ मे १९८० रोजी कॅलिफोर्नियातल्या फेअर ओक्समध्ये रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या १३ वर्षांच्या कॅरी लाइटनरला एका गाडीने मागून उडवलं. चालक प्यायलेला होता. असे गुन्हे त्याने आधीही केले होते आणि आणखी एका अपघातानंतर दोनच दिवसांपूर्वी तो जामिनावर सुटला होता. कॅरीची आई कँडेस लाइटनर यांनी त्याच वर्षी ‘मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हर्स’ ही संघटना काढली. मुलं गमावलेल्या आया त्यांचे फोटो घेऊन आमदारांसमोर उभ्या राहू लागल्या. आकडेवारीला उत्तर देता येतं, त्या फोटोंना काय उत्तर देणार?

कायदा आला तो या दबावातून. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन खरं तर राज्यांच्या अधिकारांचे कैवारी, तरी १७ जुलै १९८४ रोजी त्यांनी त्यावर सही केली. दारूचा विषय राज्यांकडे असल्यामुळे केंद्राने थेट बंदी घातली नाही, पैशाची नाडी आवळली: वय २१ करा, नाहीतर महामार्गांच्या निधीतले आधी ५ आणि मग १० टक्के विसरा. साउथ डकोटा याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८७ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी हरलं. १९८८ पर्यंत सगळी राज्यं २१ वर आली.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मात्र कागदाची एक साधी शीट. १९८१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वेलंड हायस्कूलमध्ये रॉबर्ट अनास्टास यांनी विद्यार्थ्यांची संघटना सुरू केली आणि मुलं व आईवडील यांच्यात एक करार करायला लावला. मूल लिहून देणार: मी प्यायलो असेन किंवा गाडी चालवणारा प्यायलेला असेल, तर मी घरी फोन करीन. आईबाप लिहून देणार: कितीही वाजले असोत, आम्ही न्यायला येऊ आणि त्या वेळी वाद घालणार नाही. शिवाय आम्ही स्वतःही पिऊन गाडी चालवणार नाही. यावर टीका झाली की हे पिण्याला मूक संमती देणं आहे. मला ती टीका पटत नाही. बापाला त्याच कागदावर स्वतःच्या पिण्याबद्दल सही करायला लावणं, हे तोवर कुठल्या कायद्याने केलं होतं?

१९९५ च्या कायद्याने २१ खालच्या चालकाच्या रक्तात ०.०२ टक्के अल्कोहोल सापडलं तरी तो गुन्हा ठरवायला राज्यांना भाग पाडलं. अनेक ठिकाणी घरात दुसऱ्यांच्या मुलांना पिऊ देणाऱ्या पालकांवरही जबाबदारी आली. ‘बाहेर पिण्यापेक्षा आमच्या डोळ्यांसमोर पिऊ देत’ म्हणणारे पालक तेव्हा गप्प झाले.

मिशिगन विद्यापीठाच्या पाहणीत १९८० मध्ये बारावीतली सुमारे ७२ टक्के मुलं गेल्या महिनाभरात प्यायली होती. आता हे प्रमाण साधारण एक चतुर्थांशावर आलंय. याचं सगळं श्रेय २१ च्या आकड्याला देऊ नका. कॅनडात वय १८-१९ च राहिलं, तरी तिथेही पिऊन गाडी चालवण्यामुळे होणारे मृत्यू खूप घटले.

आणि कॉलेजात हा कायदा आजही लंगडतो. २००८ मध्ये शंभरावर कॉलेजप्रमुखांनी जाहीर पत्रकावर सह्या करून २१ च्या वयावर पुन्हा चर्चा करा असं म्हटलं, कारण मुलं वसतिगृहांच्या खोल्यांत लपून भराभर ढोसत होती. कायदा तोच होता, पण तिथे रात्री दोन वाजता न्यायला येईन म्हणून सही केलेलं कुणी जवळ नव्हतं.