जॅम झालेली जुनी एमजी मिजेट इलेक्ट्रिक करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीजवळ मामांच्या तंबाखूच्या वखारीत १९६७ सालची एमजी मिजेट (छोटी ब्रिटिश दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार) वीसेक वर्षं उभी आहे, इंजिन जॅम आहे, पासिंग मुंबईचं आहे आणि मामा आता नाहीत. ती इलेक्ट्रिक करून रोज फिरवता येईल का, आणि बेळगावात असं काम होतं का?

मी बेळगावला उद्यमबागेत मशीन शॉप चालवतो. त्याआधी पुण्यात इलेक्ट्रिक किट बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. परत आल्यावर खानापूर तालुक्यातल्या एका काजूबागेच्या मालकांची मिजेटच इलेक्ट्रिक करून दिली, म्हणून हे लिहायला बसलो.

काम होतं. पण इंजिन जॅम झालंय एवढ्यासाठी गाडी इलेक्ट्रिक करू नका. उभं राहून जॅम झालेलं इंजिन बहुतेक वेळा मेलेलं नसतं, पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला धरलेल्या असतात. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) मिसळून ओता आणि आठ-दहा दिवस मुरू द्या. स्टार्टर अजिबात मारू नका. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून दोघांनी हळूहळू मागे-पुढे हलवा. एक केसभर जरी हललं तरी इंजिन सुटतं असं समजा. हे बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, ए-सिरीज इंजिन. १९५१ ते २००० इतकी वर्षं ते बनत होतं, मॉरिस मायनरपासून मिनीपर्यंत सगळीकडे तेच, त्यामुळे पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट आजही नवे मिळतात.

हे आधी करा म्हणतो त्याला कागदाचंही कारण आहे. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज धरतात. तिला 'व्हीए' सिरीजचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अट एकच: चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल नको. मामांची गाडी वयात बसते. इंजिन काढून मोटर घातलीत की तो दर्जा गेला. उलट बाजूही सांगतो: व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे मामांची आठवण जपायची आहे की रोज निपाणी-चिकोडी करायची आहे, हे आधी घरात बसून ठरवा.

रोज फिरवायचीच असेल तर कायदा कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी गाडी मनाने करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं ठेवलंय. इलेक्ट्रिक किट बसवायला परवानगी आहे, पण ते किट एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून मंजूर झालेलं हवं, अधिकृत माणसाने बसवलेलं हवं आणि मग आरटीओने आरसीवर इंधनाच्या रकान्यात इलेक्ट्रिक लिहायला हवं. किट विकणारा 'मंजुरी आहे' म्हणाला की मंजुरीचा कागद मागा आणि त्यावर तुमच्या गाडीचं नाव आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. दुसऱ्या कुठल्या हॅचबॅकसाठीचा कागद दाखवून ऍडव्हान्स मागणारे मी पाहिलेत. काजूबागेच्या मालकांना मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. ती गाडी आज फक्त त्यांच्या बागेतल्या खासगी रस्त्यावर चालते. बेळगावला आणायची तर ट्रेलरवर येते. विमा नसलेली, आरसीशी न जुळणारी गाडी हायवेवर घालून कुणाला धक्का लागला तर काय होईल याचा विचार करूनच त्यांनी तसं ठरवलं, आणि मला ते पटतं.

आपल्या सीमाभागातली नेहमीची कटकट तुमच्याही वाट्याला येणार. गाडी महाराष्ट्र पासिंगची आणि उभी कर्नाटकात. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांच्या वर गाडी ठेवली तर कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी फॉर्म २८ची एनओसी आणि इथला टॅक्स. त्याच्याही आधी मामांच्या नावावरून वारसाच्या नावावर, तो फॉर्म ३१. इंजिन नंबर आरसीशी जुळतोय तोवरच हे सगळं उरकून घ्या. इंजिन बाहेर काढून ठेवल्यावर तपासणीला गाडी नेली तर फाईल तिथेच अडकेल.

आता बॉडी. मिजेटला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हीच चासी, आणि सगळा जोर दाराखालच्या सिलवर, म्हणजे उंबरठ्यासारख्या पत्र्याच्या पट्टीवर. दार उघडं ठेवून, दाराच्या मधोमध खाली जॅक लावून गाडी जरा उचला आणि दार लावून बघा. दार अडकलं तर सिल आतून कुजलेत. मग बॅटरीचे पैसे बाजूला ठेवून आधी पत्र्याचं काम करा.

इंजिन काढण्याआधी वजन करा. ऊसकारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या काट्यावर आधी पुढची चाकं चढवा, मग पूर्ण गाडी. काटा दहा-दहा किलोच्या टप्प्यात दाखवतो, तेवढं पुरे. आमच्या कामात इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर, पेट्रोलची टाकी मिळून १८० किलो बाहेर गेलं आणि मोटर, प्लेट, सेल, पेट्या मिळून २३० किलो आत आलं. सातशे-साडेसातशे किलोच्या गाडीत पन्नास किलो जास्त हे चालतं, ते कुठे बसतंय ते महत्त्वाचं. म्हणून ३० सेलपैकी २० इंजिनच्या जागी ठेवले आणि १० मागे डिकीत, काढलेल्या टाकीच्या जागेच्या वर. पुढचा-मागचा तोल जवळपास होता तसाच राहिला. सेल लिथियम फेरो फॉस्फेटचे, ३.२ व्होल्ट २०० अँपिअर-अवरचे, म्हणजे ९६ व्होल्ट आणि १९ युनिटच्या आसपास. एवढ्या हलक्या गाडीला किलोमीटरमागे साधारण १२० वॅट-अवर धरले आणि बॅटरी तळापर्यंत रिकामी केली नाही, तर १३० किलोमीटर निघतात. निपाणी-बेळगाव जाऊन लगेच परत येणं त्यात बसत नाही, मध्ये चार्जिंग लागेल. एकूण खर्चातला जवळजवळ निम्मा पैसा बॅटरीत गेला.

मोटर मोठी घ्यायचा मोह आवरा. १२७५ सीसीचं मूळ इंजिन ६५ हॉर्सपॉवरच्या आसपासचं, टॉर्क (फिरवण्याचा जोर) शंभर न्यूटन-मीटरच्या आत. मोटरचा टॉर्क पाय ठेवताक्षणी पूर्ण येतो, आणि मिजेटच्या मागच्या ऍक्सल शाफ्टची (चाकं फिरवणाऱ्या दांड्यांची) ख्याती चांगली नाही. आम्ही कंट्रोलरमध्ये (मोटरला वीज मोजून देणाऱ्या पेटीत) टॉर्क शंभरावर बांधून टाकला. गिअरबॉक्स मूळचाच ठेवला. बागेत गाडी सगळा वेळ तिसऱ्या गिअरवर चालते.

मोटर आणि गिअरबॉक्स यांच्या मधली ऍल्युमिनियमची प्लेट हे या कामातलं खरं कसब, आणि त्यासाठी बेळगाव सोडून कुठे जायची गरज नाही. फाउंड्री, लेथ, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) सगळं एका हाकेवर आहे. आमच्या प्लेटचं बोअरिंग झालं, डॉवेल (प्लेट जागेवर धरणाऱ्या पिना) बसले, बोल्ट आवळले. मी समाधानात होतो. आमच्या जुन्या टर्नरने डायल गेज लावून मोटर आणि गिअरबॉक्स जोडणारा कपलर हाताने फिरवला. काटा हलला, म्हणजे कपलर मधोमध फिरत नव्हता. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. 'पाच थाऊ मारतंय की ओ. असंच बसवला तर बेअरिंग खाणार बघा.' त्या दिवशी सगळं परत उघडलं. डॉवेलच्या एका भोकात बारीक बर (ड्रिलने उरलेली धातूची कड) राहिली होती, तेवढ्यामुळे प्लेट तिरकी बसत होती. साफ करून पुन्हा बसवल्यावर दीड थाऊवर आलं. आजपर्यंत त्या गाडीतून घरघर नाही. तुम्ही कुणाकडूनही काम करून घ्या, पण डायल लावताना समोर उभे राहा.

जुन्या एमजींमध्ये आणखी एक गोष्ट फसवते. १९६७ सालापर्यंतच्या गाड्यांना बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असायचं, नंतर निगेटिव्ह आलं. तुमची गाडी नेमकी त्या सालातली, दोन्हीपैकी काहीही असू शकतं. न बघता १२ व्होल्टचा डीसी कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीतून दिवे-हॉर्नला वीज देणारा) जोडला तर तो जळेल.

पावसाचं मात्र सविस्तर सांगतो, कारण पुण्यात शिकलेलं इथे पुरलं नाही. बाग जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या बाजूला. तिथला जुलै तुम्हाला ठाऊक असेलच. मी दर महिन्याला मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) घेऊन जायचो. मेपर्यंत बॅटरी आणि बॉडी यांच्या मधलं इन्सुलेशन उत्तम होतं, जुलैत आकडा पार खाली आला. नियमाने डीसीला व्होल्टमागे किमान १०० ओहम लागतात, त्याच्या वर होतं, पण महिन्याभरात इतकं पडणं म्हणजे पाणी शिरलं. डिकीतली पेटी उघडली तर तळाला चमचाभर पाणी. हूडच्या, म्हणजे कापडी छताच्या, शिवणीतून थेंब सीटच्या मागे, तिथून केबलवरून ओघळून ग्लँडमधून (केबल आत शिरते त्या बुचातून) आत. केबल पेटीत वरून उतरत होती, चूक माझी. आता सगळ्या केबल खालून आत जातात, आधी एक झोळ देऊन, म्हणजे थेंब झोळातच गळून पडतो. ६० व्होल्टच्या वरचं डीसी जीव घेऊ शकतं, म्हणून मेन कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा रिले), फ्यूज, हाताने तोडायचा स्विच आणि धडकेत आपोआप तोडणारा स्विच यांत एक रुपयाही वाचवू नका.

उताराचंही ध्यानात ठेवा. बंगल्यापासून गेटपर्यंत चांगला उतार आहे. पहिल्या आठवड्यात मालक सकाळी फुल चार्ज गाडी घेऊन निघाले, पाय काढला, रोजच्यासारखी गाडी धरेना. पाय काढल्यावर मोटर गाडी अडवत वीज परत बॅटरीत पाठवते, ते रिजेन. बॅटरी भरलेली, ती वीज घ्यायला जागाच नव्हती, त्यामुळे कंट्रोलरने रिजेन बंद केलं. ब्रेक चांगले होते म्हणून काही झालं नाही. तेव्हापासून चार्जिंग सेलमागे ३.४५ व्होल्टवर थांबवतो. तुमच्याकडे तवंदीचा घाट आहे, तिथे सेकंड गिअरच्या इंजिन ब्रेकची सवय पायात बसलेली असते, म्हणून ब्रेकचं काम मोटरच्या आधी करून घ्या.

काहीही ठरवलंत तरी बॉडीला एकही काप देऊ नका. काजूबागेच्या गाडीत प्रत्येक ब्रॅकेट मूळच्याच भोकांवर बसवलंय. जग्वारने २०१७ साली स्वतःची ई-टाइप इलेक्ट्रिक करून दाखवली तेव्हाही बॅटरी मूळ इंजिनच्या मापात बसवली होती, ती यासाठीच. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फिवा इलेक्ट्रिक केलेल्या गाडीला ऐतिहासिक मानत नाही, पण करायचंच असेल तर परत फिरता येईल असं करा आणि मूळ भाग खुणा घालून, तारीख लिहून जपा असं सांगते. त्या मिजेटचं इंजिन सिलिंडरमध्ये तेल घालून, प्लग लावून, ताडपत्रीत गुंडाळून लाकडी खोक्यात आहे. खोक्यावर चासी नंबर आणि काढल्याची तारीख मी स्वतः रंगाने लिहिलीय. मालकांचा मुलगा आता आठवीत आहे. पुढे त्याला पेट्रोलवरच हवी वाटली तर चार दिवसांचं काम.

डिझेल-एटीएफ ओता, दहा दिवसांनी हलवून बघा आणि दाराची चाचणी करून काय झालं ते इथेच लिहा. सिल धडधाकट निघाले तर मी निपाणीला येऊन गाडी बघून जाईन.