टीएमटी बार समजून घ्यायचा तर तांब्याच्या तारेपासून सुरुवात कर

जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये ट्रेनी म्हणून लागलास, फार बरं वाटलं. टीएमटी बारची, म्हणजे बांधकामातल्या सळईची, ताकद नुसत्या रसायनावर ठरत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसव. अणू कसे रचलेत आणि ती रचना कुठे बिघडली आहे, यावरही ती ठरते.

धातू वाकताना अणूंचा अख्खा थर एकदम सरकत नाही. जड सतरंजीला घडी पाडून ती घडीच पुढे ढकलावी, तशी रचनेतली अर्धवट ओळ सरकते. हेच डिसलोकेशन. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या शास्त्रज्ञांनी १९३४ साली ते स्वतंत्रपणे मांडलं. ही ओळ सरकते म्हणून धातू तुटायच्या आधी वाकतो.

ही सरक अडली की ताकद वाढते. कार्बन अडवतो, ग्रेनच्या, म्हणजे धातूतल्या बारीक स्फटिकांच्या, सीमा अडवतात, डिसलोकेशन्सची गर्दी झाली की ती एकमेकांनाच अडवतात. तांब्याची मऊ तार एकाच जागी वाकव, सरळ कर, कडक लागेल. लालसर तापव, पुन्हा मऊ. हे स्वतः केल्याशिवाय पुढचं वाचू नकोस.

टीएमटीत तापलेल्या बारवर पाण्याच्या माऱ्याने बाहेरची साल मार्टेन्साइट, म्हणजे कडक पण ठिसूळ पोलाद, होते, गाभ्याच्या उष्णतेने ती टेम्पर होते, म्हणजे तिचा ठिसूळपणा कमी होतो, आत फेराइट-पर्लाइट हे मऊ, लवचिक पोलाद राहतं. बारचा आडवा कापलेला तुकडा घासून नायटल (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं द्रावण) लाव, सालीची कडी दिसेल. आणि एलाँगेशन, म्हणजे तुटण्याआधी बार किती टक्के ताणला जातो ते, मन लावून मोज. एफई ५००डी या ग्रेडच्या बारला ते किमान १६ टक्के लागतंच. भूकंपात घर टिकायचं तर बार तुटण्याआधी ताणला गेला पाहिजे, आणि भूकंपाचं किल्लारी आपल्याच मराठवाड्यात आहे.