ड्रॅगला ‘ओढ’ म्हणावं की ‘रोध’?

नागपुरात अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे. विमानाचा ड्रॅग, म्हणजे हवेतून जाताना त्याला मागे खेचणारं बल, कमी करण्यासाठी पंखांवर वायरलेस सेन्सर आणि ॲक्च्युएटर यांचं जाळं बसवण्याची कल्पना आहे, त्यावर तिला मराठीतून बोलायचंय. ड्रॅगला ‘ओढ’ म्हणू की ‘रोध’, आणि बाकीच्या शब्दांचं काय, असं ती विचारते.

‘ओढ’च म्हणा. ‘रोध’ म्हटलं की समोर काहीतरी आडवं आलंय असं वाटतं. हवा समोरून अडवते, तेवढा भाग त्यात बसतो. पण मोठं प्रवासी विमान उंचावरून ताशी साडेआठशे-नऊशे किलोमीटरने जात असतं, तेव्हा सुमारे निम्मा ड्रॅग पृष्ठभागावरच्या घर्षणाचा असतो. पत्र्याला चिकटलेली हवा विमानाबरोबर ओढली जाते आणि तीच विमानाला मागे ओढते. या पातळ थराची, म्हणजे सीमास्तराची कल्पना लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये मांडली. थर संथ असेतो घर्षण कमी असतं, तो खळबळला की वाढतं.

‘ओढ म्हणजे पुढे खेचणं, मग मागे खेचण्याला कसं चालेल?’ ही तिची शंका. मृग कोरडा गेला की आपल्याकडे ‘पावसानं ओढ दिली’ म्हणतात, ते आठवा. मागे राहणं, लांबणं हा अर्थ या शब्दाला नवा नाही.

वायरलेसला तर ‘बिनतारी’ हा अस्सल शब्द पोलिसखात्याने कधीचा रुळवलाय. इथे तो नेमका बसतो, कारण सगळा खटाटोप तारांचं वजन टाळण्याचा आहे. एकट्या ए-३८० विमानात सुमारे ५०० किलोमीटर तारा असतात. त्यात पंखभर सेन्सरच्या तारांची भर कोण घालणार? विमानातल्या अशा बिनतारी यंत्रणांसाठी २०१५ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा झाला.

सेन्सरला ‘संवेदक’ चांगलं. थरातला दाब कुठे हेलकावतो ते तो टिपतो. ॲक्च्युएटरला मात्र ‘प्रवर्तक’ म्हणू नका. प्रवर्तक पंथ काढतो, इमारत उभी करतो, पुढाकार त्याचा असतो. इथे निर्णय नियंत्रकाचा, म्हणजे संवेदकांची माहिती वाचणाऱ्या यंत्रणेचा. ॲक्च्युएटर हुकूम मिळताच थर संथ ठेवायला हवेचा बारीक झोत सोडतो, एवढंच. मी तो शब्द तसाच ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात काम सांगेन.

आणि पृष्ठभागावरच्या त्या घर्षणाला, म्हणजे ‘स्किन फ्रिक्शन’ला, ‘त्वचाघर्षण’ही नको, ‘पृष्ठघर्षण’ लिहा.