मुलीला वस्तुसंग्रहालयात काम करायचंय

पत्र : माझी मुलगी टी. वाय. बी. ए.ला आहे, विषय इतिहास. कॉलेजची सहल पांडवलेण्यांना गेली होती, तेव्हापासून ‘मला क्युरेटर व्हायचंय’ हा एकच धोशा लावलाय. तिचे बाबा म्हणतात, जुन्या वस्तू मांडायच्या, सकाळी दार उघडायचं, संध्याकाळी लावायचं, यात करिअर कसलं? त्यापेक्षा बी. एड. कर. आमच्या ओळखीत या क्षेत्रातलं कोणी नाही. काम नेमकं काय असतं, शिक्षण कुठे मिळतं आणि नाशिकमध्ये काही वाव आहे का, हे स्पष्ट सांगाल का? – एक आई, इंदिरानगर, नाशिक

ताई, नमस्कार.

तिच्या बाबांनी दार उघडण्या-लावण्याचा विषय काढला ते बरं झालं, कारण कामाची सुरुवात तिथूनच होते. नीट चालवलेल्या वस्तुसंग्रहालयात दालन एकट्या माणसाने उघडायचं नसतं. दोघांनी मिळून चाव्यांच्या रजिस्टरवर सही करायची, कुलपावरचं सील तपासायचं, दिवे लावायचे आणि दार लोकांसाठी उघडण्याआधी प्रत्येक शोकेससमोरून सावकाश एक फेरी मारायची. आतली आर्द्रता किती, काल होती तीच मांडणी आज आहे ना, काचेला आतून दमट छटा आली आहे का, हे बघायचं. लाकडी मूर्तीखाली पिठासारखी बारीक भुकटी पडलेली दिसली, तर भुंगा लागला असं समजून ती वस्तू त्याच दिवशी पॉलिथिनमध्ये बंद करून बाकीच्यांपासून वेगळी काढायची. ही फेरी चुकली की नुकसान महिनाभराने कळतं. तेव्हा ते कुणामुळे झालं हे सांगता येत नाही आणि भरूनही येत नाही.

सरकारी खात्यात क्युरेटरला ‘अभिरक्षक’ म्हणतात. शब्द अगदी नेमका आहे. इतिहासाची आवड लागतेच, पण या पदावरचा माणूस मुख्यतः जबाबदारी घेणारा असतो. प्रत्येक वस्तू, तिची नोंद, तिची जागा, तिच्याभोवतीची हवा, तिच्यासमोर उभे राहणारे लोक आणि या सगळ्याला लागणारा पैसा, सगळं त्याच्याकडे असतं. छोट्या संग्रहालयात तर तिकीट खिडकीचा हिशेब, शाळांच्या सहलींचं वेळापत्रक, सुरक्षारक्षकांच्या पाळ्या आणि गळक्या छपराचा पत्रव्यवहारही त्याच टेबलावर येतो. मुलीला हे सगळं आवडेल का, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर कसं काढायचं ते शेवटी सांगतो.

सगळ्याचा कणा म्हणजे अ‍ॅक्सेशन रजिस्टर. संग्रहात आलेल्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक मिळतो. वर्ष, त्या वर्षातली कितवी आवक, त्यातली कितवी वस्तू, असा तो बांधतात : २०२४.७.३. पुढे नाव, माध्यम, सेंटिमीटरमध्ये मापं, वजन, कुठून आणि कशी मिळाली, आली तेव्हाची अवस्था, सध्या कुठे ठेवली आहे आणि फोटो. पानं छापील क्रमांकाची असतात आणि खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी सही करायची. हेच सगळं संगणकावरही जातं. त्यासाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने केलेलं ‘जतन’ हे सॉफ्टवेअर देशातल्या मोठ्या संग्रहालयांत वापरलं जातं.

क्रमांक वस्तूवर घालणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. दगड, माती, धातूच्या वस्तूवर न दिसणाऱ्या जागी आधी पॅरालॉइड बी-७२ या रेझिनचा पातळ थर द्यायचा, तो वाळल्यावर शाईने क्रमांक, वर पुन्हा एक थर. म्हणजे उद्या पुसायचा झाला तर अ‍ॅसिटोनने पुसता येतो, वस्तूला डाग राहत नाही. कागदाला मऊ पेन्सिल, कापडाला सुती पट्टी दोन-चार सैल टाक्यांनी. नाण्यावर काहीच लिहायचं नाही, क्रमांक त्याच्या पाकिटावर.

नाण्यांवर थोडं थांबतो, कारण नाशिकमध्ये हे काम शिकायचं तर नाण्यांसारखा विषय नाही. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० हून अधिक नाणी. ती क्षत्रप राजा नहपानाची, पण त्यातल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारलेले. दीड सेंटिमीटरभर व्यासाचं असं एक नाणं भिंगाखाली धरलं, तर नहपानाच्या गालावरून, नाकावरून सातवाहनांचा तीन कमानींचा डोंगर चढलेला दिसतो. हरलेल्या राजाचा चेहरा खालून डोकावत असतो. त्याच विजयाचा उल्लेख पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्याच्या शिलालेखात आहे. ते नाणं आणि शिलालेखाचा कागदावर घेतलेला ठसा एका शोकेसमध्ये शेजारी ठेवले की पाहणाऱ्याला एक युद्ध डोळ्यांसमोर दिसतं. मांडणी म्हणजे हे : कुठली वस्तू कुणाशेजारी ठेवली की दोघी बोलायला लागतात.

आता याच नाण्यांचं काय बिघडतं ते पाहा. कुणीतरी हौसेने चिंचेने किंवा पितांबरीने घासतं आणि अक्षरं कायमची पुसट होतात. मऊ पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटात ठेवलं तर काही वर्षांत तांब्याच्या नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. पाकिटं पॉलिस्टर किंवा पॉलिइथिलीनचीच हवीत. सातवाहनांची शिशाची नाणी प्लायवूडच्या नव्या कोऱ्या ड्रॉवरमध्ये ठेवली, तर लाकूड आणि डिंकातून निघणाऱ्या आम्ल वाफांनी त्यांची पांढरी पावडर व्हायला लागते. सुताराने काम चोख केलेलं असतं, ठेवणाऱ्याने जपूनच ठेवलेलं असतं, आणि तरी नाणं जातं. म्हणून पावडर कोटिंगचं स्टीलचं कपाट आणि आत पॉलिइथिलीन फोम.

हवेचंही तसंच. ६५ टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकून राहिली की कागद-कापडावर बुरशी येते. काशाच्या वस्तूवर फिकट हिरवी भुकटी येणारा ‘ब्राँझ डिसीज’ लागला असेल, तर तिला ४० टक्क्यांच्या खाली कोरडं ठेवावं लागतं, बंद डब्यात सिलिका जेल घालून. उलट आपल्या सह्याद्रीच्या खडकात सापडणारं लॉमोंटाइट हे खनिज फार कोरड्या हवेत पाणी गमावून भुगा होतं. एकाच इमारतीत दोन वस्तूंना दोन हवा लागतात, हे एसी बसवणाऱ्या ठेकेदाराला समजावून सांगणं हाही कामाचा भाग आहे. उजेड मोजायला लक्समीटर असतो : कापड, कागद, पोथ्या, जलरंग यांना साधारण ५० लक्स, तैलचित्रांना २०० पर्यंत. येवल्याची जुनी पैठणी ५० लक्सच्या वर महिनोन्‌महिने टांगली तर रंग उडतो, आणि घडी घालून ठेवली तर घडीच्या रेषेवर जरीची तार तुटते. ती आम्लमुक्त नळीवर गुंडाळून, वर धुऊन खळ काढलेली मलमल लपेटून आडवी ठेवायची.

आणि नाशिकमध्ये पूर. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं यावरून पूर मोजणारं हे गाव. २००८, २०१६, २०१९ ला सराफ बाजारात पाणी कसं शिरलं ते तुम्हाला माहीत आहे. नदीकाठच्या जुन्या वाड्यात संग्रह असेल तर तळमजल्यावर स्टोअर करायचंच नाही. वरच्या मजल्यावरही सर्वांत खालची फळी जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर वर. मे महिन्यातच पन्हाळी आणि छपराच्या नळ्या साफ करून घ्यायच्या, आणि पाणी वाढलं तर आधी कुठल्या वस्तू उचलायच्या याची यादी रखवालदाराच्या खोलीत भिंतीवर लावून ठेवायची. पुराच्या रात्री तिथे क्युरेटर नसतो, रखवालदार असतो.

तात्पुरत्या प्रदर्शनाचं गणित मुलीला आत्ताच कळलेलं बरं. समजा १८ मे, आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, त्या दिवशी नाशिकच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचं ४० वस्तूंचं प्रदर्शन उघडायचं आहे. तर तयारी नोव्हेंबरात सुरू होते. आधी विषय एका वाक्यात लिहायचा. ते वाक्य जमलं नाही तर ४० वस्तू म्हणजे भांड्यांचं दुकान. मग निवड. जुन्या कुटुंबांकडून उसन्या घ्यायच्या वस्तूंसाठी लेखी करार : किती दिवस, विमा कुणाचा, फोटो छापता येतील का. विमा वस्तू मालकाच्या घरातून उचलल्यापासून तिथे परत ठेवेपर्यंतचा हवा, फक्त दालनातला नव्हे. वस्तू घेताना आणि परत देताना दोन्ही वेळा मालकासमोर अवस्था-नोंद आणि फोटो. घागरीला पोचा आधीच होता की आपल्याकडे पडला, हा वाद फक्त त्या फोटोनेच मिटतो.

सर्वांत जास्त वेळा फसतं ते रंगकाम. निधी उशिरा येतो, प्लाय आणि रंग शेवटच्या आठवड्यात होतो, उद्घाटनाच्या आदल्या रात्री वस्तू ओल्या वासाच्या शोकेसमध्ये जातात आणि महिनाभरात चकाकी काळवंडते. रंग झाल्यावर शोकेस तीन-चार आठवडे उघडी राहिलीच पाहिजे. म्हणून तारखा उद्घाटनापासून उलट्या मोजायच्या : रंग १५ एप्रिलपर्यंत पूर्ण, वस्तू मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आत.

लेबल लिहिणं सोपं वाटतं, पण तिथे बहुतेक इतिहासाचे विद्यार्थी अडकतात. प्रबंधातला परिच्छेद उचलून लावतात. ५०-६० शब्द पुरे. पहिल्या वाक्यात वस्तूकडे बोट दाखवायचं (‘काठाजवळची ठोक्यांची नक्षी पाहा’), सनावळी नंतर. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार असतात, त्यामुळे इंग्रजीच्या अंतराने ओळी छापल्या की त्या एकमेकींत अडकतात. ओळींमधलं अंतर जास्त ठेवायचं. भिंतीवरच्या चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर, वाट व्हीलचेअर सहज वळेल एवढी. छापण्याआधी चौथीतल्या मुलाला लेबल मोठ्याने वाचायला द्यायचं. तो जिथे अडखळेल तिथे वाक्य बदलायचं.

कायदाही यायला हवा. १९७२ च्या पुरावशेष आणि कलासंपदा कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते, हस्तलिखितासाठी ही मर्यादा ७५ वर्षं आहे. कुणी घरातली जुनी मूर्ती भेट द्यायला आला, तर नोंदणीचे कागद आणि दानपत्र आधी, स्वागत नंतर. नांगरताना सापडलेली नाणी घेऊन शेतकरी आला, तर ती विकत घेता येत नाहीत. १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली ती जिल्हाधिकाऱ्यांकडे जाहीर करावी लागतात. त्याला हाकलून न देता, घाबरवून न सोडता, बरोबर तहसीलला घेऊन जाणारा माणूस चांगला अभिरक्षक.

शिक्षणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे : टी. वाय. झाल्यावर सहा महिन्यांच्या कुठल्याही ऑनलाइन सर्टिफिकेटवर पैसे घालू नका. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात म्युझिऑलॉजीचा, म्हणजे वस्तुसंग्रहालयशास्त्राचा, विभाग १९५२ पासून आहे. नॉयडाच्या भारतीय वारसा संस्थेत (पूर्वीची राष्ट्रीय संग्रहालय संस्था) वस्तुसंग्रहालयशास्त्र, कलेतिहास आणि जतन या विषयांत एम. ए. करता येतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पदव्युत्तर पदविका आहे, आणि तिचा मोठा फायदा हा की वर्ग चालू असताना खरा संग्रह शेजारच्या दालनात असतो. इतिहास किंवा पुरातत्त्वात एम. ए. आणि जोडीला म्युझिऑलॉजीची पदविका, ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण तिच्यामुळे अध्यापनाचा रस्ताही बंद होत नाही. बाबांची काळजी त्यात बरीच मिटेल. एक मात्र करा : सरकारी पदांच्या जुन्या जाहिराती काढून पात्रतेची ओळ शब्दशः वाचा आणि त्याप्रमाणे विषय निवडा. ‘समकक्ष पदवी’ या दोन शब्दांवर अनेक अर्ज अडतात.

नोकऱ्यांचं चित्र गोड करून सांगत नाही. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयात आणि केंद्राच्या संस्थांत जागा कमी आणि भरती अनियमित. महापालिका, विश्वस्त संस्था, खासगी संग्रहालयं इथे सुरुवातीचा पगार बेताचा आणि बऱ्याचदा कंत्राट. पहिली चार-पाच वर्षं घरचा आधार लागेल आणि गाव बदलायची तयारी लागेल. पण कामाची विविधता वाढते आहे : संग्रहांची डिजिटल नोंदणी, प्रदर्शनरचना, शाळांचे उपक्रम, केंद्र सरकारच्या संग्रहालय अनुदान योजनेसाठी प्रस्ताव लिहिणं. चांगला प्रस्ताव लिहिणाऱ्या माणसाला छोटी संस्था सोडत नाही.

नाशिक शिकायला उत्तम जागा आहे. सरकारवाड्यातलं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे, अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं नाण्यांचं संग्रहालय, सिन्नरला ‘गारगोटी’ हे खनिजांचं संग्रहालय, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक. दगड, धातू, खनिज, चित्रपट, सगळं तासाभराच्या अंतरात. २०२७ च्या सिंहस्थासाठी गर्दी येईल, तेव्हा माहिती सांगणारी तयार मुलं सगळ्यांनाच लागतील.

आता मुलीला हे काम आवडेल का, हे ठरवणारी परीक्षा. तुमच्या घरातल्या, आजोळच्या २० जुन्या वस्तू तिला निवडू द्या : अडकित्ता, पानपुडा, फुलपात्र, लग्नपत्रिका, काहीही. प्रत्येकीला क्रमांक, मापं, वजन, माध्यम, अवस्था, कुणाकडून आली, कुठे ठेवली आणि मापपट्टीसह फोटो, असं पूर्ण रजिस्टर करू द्या. मग वस्तू एकत्र मिसळा आणि तिच्या बाबांना सांगा, फोटो न बघता फक्त वर्णन वाचून १४ नंबर शोधा. दोन पळ्यांपैकी कुठली हे त्यांना ठरवता आलं नाही, तर नोंद अपुरी आहे. मुलगी वैतागून वही बंद करते, की ‘दांड्याच्या मागे डाक देऊन सांधलेलं आहे’ एवढी ओळ वाढवायला परत बसते, हे नीट पाहा. दुसरं घडलं तर मार्चअखेर जवळच्या संग्रहालयांना उन्हाळ्यात दोन महिने बिनपगारी काम करायची परवानगी मागणारं पत्र तिला स्वतःला लिहू द्या, आणि पत्रासोबत त्या २० नोंदींची झेरॉक्स जोडायला सांगा.