वाचकांचे प्रश्न : गच्चीवरचं तळं, विजेशिवाय

प्रश्न : गच्चीवर विजेचा पॉइंट नाही. शंभर लिटरच्या टबात वॉटर लिली आणि चार गोल्डफिश ठेवले होते. पंधरवड्यात पाणी हिरवंगार झालं. टब उपसून, घासून पुन्हा भरला, तरी तेच. मासे पहाटे पाण्यावर तोंड काढायचे, शेवटी मेले. पंपाशिवाय हे जमतच नाही का?

उत्तर : जमतं, पण गोल्डफिशना वगळून. हा मासा घाण फार करतो, कुंडीतली माती उकरतो आणि प्राणवायूही भरपूर खातो. पाच-सहा गप्पी पुरेत, तेही नुसते नर. मादी आली की पिलावळ आवरत नाही. डासांच्या अळ्या ते फस्त करतात. खाणं एक दिवसाआड, चिमूटभर.

६० सेंमी व्यासाच्या टबात ४० सेंमी पाणी म्हणजे सुमारे ११० लिटर. माती धरून वजन सव्वाशे किलोच्या वर जातं, तेव्हा टब स्लॅबच्या मधोमध नको, बीमवर किंवा कॉलमलगत ठेवा. लिली फुलायला रोज पाच तास ऊन हवं; एप्रिल-मेमध्ये दुपारपुरती हिरवी जाळी बांधा.

लिलीला पसरट कुंडी घ्या, २५-३० सेंमी रुंद. माती शेतातली, चिकण. कोकोपीट तरंगतं आणि शेणखत पाण्यात सडून शेवाळाचीच भर करतं. कंद लावताना कोंब उघडा ठेवून बाकी मातीवर दोन सेंमी धुतलेली बारीक खडी पसरा. कुंडी आधी विटांवर ठेवा, वर १५ सेंमी पाणी राहील अशी. पानं वर आली की विटा काढा. हायड्रिला या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतीच्या चार-पाच जुड्या दगड बांधून तळाशी सोडा. लिलीची पानं पसरेपर्यंत मूठभर पिस्टिया (मुळं पाण्यात सोडून तरंगणारी वनस्पती) ठेवा. निम्मा ते दोन तृतीयांश पृष्ठभाग झाकलेला हवा. जास्तीची पिस्टिया खताच्या खड्ड्यात टाका, ओढ्यात नव्हे.

नळाचं पाणी भरून दोन दिवस उघडं ठेवा, मग झाडं लावा. मासे तीन आठवड्यांनी. मधल्या काळात पाणी थोडं हिरवं होईलच. ते होऊ द्या. तुमची चूक झाली ती टब उपसण्यात. झाडं दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करतात, शेवाळ मात्र दोन दिवसांत पुढे निघून जातं. तेच शेवाळ रात्री प्राणवायू ओढतं, म्हणून मासे पहाटे तडफडतात.

पावसाळ्यासाठी काठाखाली पाच सेंमीवर अर्ध्या इंचाचं भोक पाडून आतून जाळी लावा, नाहीतर पहिल्याच मुसळधार पावसात मासे गच्चीच्या पन्हळीतून खाली.

प्रश्न : बाजारात तरंगतं सोलर कारंजं मिळतं. ते घेऊ का?

उत्तर : शोभेला घ्या, माशांसाठी नको. बॅटरी नसलेलं कारंजं उन्हात चालतं, म्हणजे झाडं स्वतःच प्राणवायू सोडत असतात तेव्हा. गरज पहाटे असते आणि तेव्हा ते बंद. शिवाय पानांवर सतत तुषार पडलेले लिलीला मानवत नाहीत. पावसाळी दिवसांत मासे वर येऊ लागलेच तर सकाळी टबातलंच पाणी तांब्याने फूटभर उंचीवरून पंचवीस-तीस वेळा ओता आणि दोन दिवस खाणं बंद ठेवा.