माहितीपत्रकातील तीन शब्द: क्रीडा व्यवस्थापनाची पदवी निवडणाऱ्या विद्यार्थिनीस पत्र

कोल्हापूर

चिरंजीव बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेली तिन्ही माहितीपत्रके मिळाली. ती मी दोनदा वाचली आणि समासात पेन्सिलीने खुणाही केल्या. तुला क्रीडा व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे, हे वाचून मला मनापासून समाधान वाटले. आपल्या जिमखान्यात असताना स्पर्धेच्या दिवशी खेळाडूंची ओळखपत्रे, संघयाद्या आणि पंचांचे मानधन या गोष्टी तू न सांगता अंगावर घ्यायचीस. त्या कामाला शास्त्र असते आणि ते शिकता येते, हे तुला आता उमगले आहे. मात्र तुझ्या पत्रातील एका वाक्यापाशी मी थांबलो. तू लिहितेस, ‘तिन्ही संस्था मान्यताप्राप्त आहेत, त्यामुळे जिथे शुल्क कमी तिथे प्रवेश घ्यावा असे घरी ठरत आहे.’ हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

तुझ्या तीन माहितीपत्रकांत मिळून तीन शब्द आले आहेत: ‘मान्यताप्राप्त’, ‘मानांकित’ आणि ‘आंतरराष्ट्रीय संलग्नता’. हे एकाच गोष्टीचे तीन उल्लेख आहेत असे वाचणाऱ्याला वाटते, आणि तसे वाटावे अशाच रीतीने ते छापलेले असतात. मान्यता म्हणजे पदवी देण्याचा किंवा अभ्यासक्रम चालवण्याचा कायदेशीर अधिकार. मानांकन, म्हणजेच अधिस्वीकृती, ही बाहेरच्या जाणकारांनी ठरलेल्या निकषांवर केलेली गुणवत्तेची तपासणी. संलग्नता हा दोन संस्थांमधील संबंध असून त्यातून गुणवत्तेविषयी काहीच सिद्ध होत नाही. ज्या संस्थेला अधिकार आहे तिची तपासणी झालेली असेलच असे नाही, आणि ज्या संस्थेची तपासणी झाली आहे तिने नेमका तुझा अभ्यासक्रम तपासून घेतला असेलच असेही नाही.

या विषयाचे वेगळे मानांकन कसे सुरू झाले ते थोडे सांगतो. १९५७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओ’मॅली यांनी जेम्स मेसन या प्राध्यापकांना पत्र लिहून विचारले होते, की मैदाने, संघ आणि स्पर्धा चालवणारी माणसे तयार करणारे शिक्षण कुठे मिळते. तसे शिक्षण तेव्हा नव्हते. मेसन यांनी त्यावर काम केले आणि १९६६ मध्ये ओहायो विद्यापीठात या विषयाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे अशा अभ्यासक्रमांची रीघ लागली. कुठे शारीरिक शिक्षणाच्या जुन्याच अभ्यासक्रमाला नवे नाव मिळाले, तर कुठे व्यवस्थापनाच्या पदवीला खेळाचे दोन विषय जोडले गेले. नाव एक आणि आतला मजकूर निरनिराळा, अशी स्थिती झाल्यावर प्राध्यापकांनाच त्याची काळजी वाटू लागली. १९८५ मध्ये उत्तर अमेरिकेत या विषयाच्या अभ्यासकांची संघटना स्थापन झाली, नव्वदच्या दशकात अभ्यासक्रमांचे निकष ठरवून त्यांची परीक्षणे सुरू झाली, आणि २००८ मध्ये ‘कमिशन ऑन स्पोर्ट मॅनेजमेंट अ‍ॅक्रेडिटेशन’, म्हणजे ‘कॉस्मा’, ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. ती संपूर्ण विद्यापीठाला श्रेणी देत नाही. ती फक्त क्रीडा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम पाहते, आणि तिच्याकडे जाणे ऐच्छिक आहे.

तिने मागितलेल्या गोष्टी तू नीट समजून घ्याव्यास असे मला वाटते, कारण त्या कोणत्याही देशातील संस्थेला विचारता येतात. शिक्षक कोण, साधने कोणती, संस्थेचे नियोजन काय आणि बाहेरच्या क्रीडासंस्थांशी संबंध कसे आहेत, हे तर ती पाहतेच. अभ्यासक्रमात व्यवस्थापनाची मूलतत्त्वे, क्रीडा प्रशासन, स्पर्धा व मैदानांचे व्यवस्थापन, विपणन, वित्त व अर्थशास्त्र, कायदा आणि नीती हे विषय यावेत आणि शेवटी विद्यार्थ्याला ते सारे एकत्र वापरावे लागेल असा प्रत्यक्ष कामाचा किंवा प्रकल्पाचा भाग असावा, अशीही तिची अपेक्षा असते. परंतु तिचा खरा भर निष्पत्तीवर आहे. विद्यार्थी काय शिकेल असे तुम्ही लिहिले, तो ते शिकला याचा पुरावा कोणता, आणि जिथे तो कमी पडला तिथे पुढच्या वर्षी तुम्ही काय बदलले, हे प्रश्न ती विचारते.

या प्रश्नांचे वजन मला पुस्तकातून कळले नाही. आमच्या महाविद्यालयात नॅकची, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, समिती येणार होती तेव्हा शारीरिक शिक्षण विभागाच्या एका प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची कागदपत्रे तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. निष्पत्तींच्या यादीत मी मोठ्या उत्साहाने लिहिले होते, की विद्यार्थी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे अंदाजपत्रक तयार करू शकेल. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी ती यादी वाचली आणि शांतपणे म्हटले, ‘सर, ज्या प्रश्नपत्रिकेत किंवा प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याला असे अंदाजपत्रक करायला सांगितले आहे, ती मला दाखवता का?’ आमच्याकडे ती नव्हती. अंदाजपत्रकाची व्याख्या लिहा, असा पाच गुणांचा प्रश्न मात्र तीन वर्षे येत होता. मला त्या दिवशी फार वाईट वाटले, कारण मुलांनी आमच्या शब्दांवर विश्वास ठेवून ते वर्ष दिले होते. त्यानंतर आम्ही लेखी परीक्षेचे वीस गुण कमी करून प्रत्येक विद्यार्थ्याला खऱ्या स्पर्धेचा जमाखर्च मांडायला लावला. पहिल्या वर्षी निम्म्या मुलांनी रुग्णवाहिकेचा खर्च धरलाच नव्हता. हे आम्हाला त्यांच्या व्याख्यांवरून कधीच कळले नसते.

आता आपल्या देशाची व्यवस्था पाहू. पदवी देण्याचा अधिकार कोणाला आहे हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याच्या कलम २२ ने ठरते: केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. संलग्न महाविद्यालयातील एमबीएसारख्या व्यवस्थापन अभ्यासक्रमाला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची संमती लागते. हा झाला मान्यतेचा भाग. मानांकनासाठी १९९४ मध्ये दोन व्यवस्था उभ्या राहिल्या. बंगळुरूची नॅक संपूर्ण संस्थेचे मूल्यांकन करते, तर राष्ट्रीय मानांकन मंडळ, म्हणजे एनबीए, अभियांत्रिकी, औषधनिर्माण, व्यवस्थापन अशा शाखांतील एकेक अभ्यासक्रम तपासते. आपल्या शिवाजी विद्यापीठाला २०२१ मध्ये नॅकची ए++ श्रेणी मिळाली तेव्हा आपल्या सर्वांना अभिमान वाटला आणि तो रास्त होता. तरीही ती श्रेणी साऱ्या विद्यापीठाची आहे. कोणत्याही संस्थेची अशी श्रेणी पाहून तिथला एखादा नवा अभ्यासक्रम उत्तमच असणार असा निष्कर्ष काढणे म्हणजे तालमीच्या लौकिकावरून नव्या मल्लाची कुस्ती आधीच जिंकलेली धरण्यासारखे आहे.

बी.पी.एड. आणि एम.पी.एड. या पदव्यांवर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे नियंत्रण असते, म्हणून क्रीडा शिक्षक होऊ पाहणाऱ्याला निदान एक ठरलेली चौकट मिळते. क्रीडा व्यवस्थापन मात्र शारीरिक शिक्षण आणि व्यवस्थापन या दोन्हींच्या मध्ये पडते. एमबीएला एनबीएचे मानांकन असू शकते, पण तिथे निकष व्यवस्थापन शिक्षणाचे असतात. मैदानावरील गर्दीचे नियोजन किंवा खेळाडूंच्या करारांचा कायदा शिकवला जातो का, हे त्यातून कळत नाही. या विषयाच्या अभ्यासक्रमात नेमके काय असायला हवे हे बघणारा कोणी नसताना दरवर्षी नवे अभ्यासक्रम उघडत आहेत, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. क्रीडा संघटनांचा कारभार, निवडणुका आणि तंटे यांना त्याने नवी चौकट दिली. ती चौकट समजणारी प्रशिक्षित माणसे आता संघटनांना लागतील. ती कुठे आणि कोणत्या दर्जाने तयार होतात, याची तपासणी मात्र अजून विद्यार्थ्यालाच करावी लागते.

तेव्हा तुझी तीन माहितीपत्रके. पहिले एका विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या एमबीएचे आहे. त्याची मान्यता स्पष्ट आहे आणि नॅकची श्रेणीही छापली आहे, पण ती कोणत्या वर्षी मिळाली हे छापलेले नाही. श्रेणीला मुदत असते, साधारणपणे पाच वर्षांची, म्हणून वर्ष विचार. शिवाय नॅकच्या पद्धतीत मोठे बदल जाहीर झालेले आहेत, त्यामुळे जुनी आणि नवी वर्गवारी शेजारी ठेवून घाईने तुलना करू नकोस.

दुसरे एका खासगी संस्थेच्या एक वर्षाच्या पदविकेचे आहे, आणि शुल्क तिथेच सर्वांत कमी आहे. त्यात ‘ए श्रेणी प्राप्त’ असे लिहिले आहे. बारकाईने वाचलेस तर ती श्रेणी त्याच न्यासाच्या दुसऱ्या महाविद्यालयाची आहे असे तुझ्या लक्षात येईल. इथे मला एक जुनी गोष्ट सांगायला हवी. माझ्या एका विद्यार्थ्याने, अतिशय गुणी गोलरक्षकाने, मोठ्या शहरातील अशाच एका संस्थेत वडिलांनी शेतीवर काढलेल्या कर्जातून एक वर्षाचा अभ्यासक्रम केला. पुढे एका शासकीय पदाच्या जाहिरातीत ‘मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी’ अशी अट आली आणि त्याचा अर्ज छाननीतच बाद झाला. प्रवेशाआधी त्याने मला ते माहितीपत्रक दाखवले होते. मी केवळ छपाई आणि पाहुण्या वक्त्यांची नावे पाहून ‘बरे दिसते’ म्हणालो होतो. ते दोन शब्द मला आजही बोचतात, आणि म्हणून मी तुला इतके सविस्तर लिहीत आहे. पदविका वाईट असते असे माझे म्हणणे नाही. नोकरी करत असलेल्या माणसाला ती पुष्कळ उपयोगी पडते. परंतु तुला पुढे पीएच.डी.चा किंवा शासकीय सेवेचा मार्ग मोकळा ठेवायचा असेल, तर ती पदवीची जागा घेणार नाही.

तिसऱ्यात भारतात राहून परदेशी विद्यापीठाची पदवी मिळेल असे म्हटले आहे. इथे सर्वांत जास्त सावध राहा. परदेशी विद्यापीठांशी परस्पर करार करून फ्रँचायझी पद्धतीने दिल्या जाणाऱ्या पदव्यांना मान्यता नाही, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीरपणे बजावले आहे, आणि परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी २०२५ मध्ये स्वतंत्र विनियम काढले आहेत. ही पदवी त्या विनियमांत बसते का, हे त्या संस्थेकडून लेखी घे. तोंडी आश्वासन चालणार नाही. ‘आंतरराष्ट्रीय मानांकन’ असा शब्द दिसला तर मानांकन देणाऱ्या संस्थेचे पूर्ण नाव विचार आणि त्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत हा अभ्यासक्रम आहे का ते पाहा. कॉस्मा आपल्या मानांकित अभ्यासक्रमांची यादी उघडपणे प्रसिद्ध करते. मात्र मानांकन नाही म्हणजे शिक्षण हलके, असाही समज करून घेऊ नकोस: अमेरिकेतही शेकडो अभ्यासक्रमांपैकी थोडेच कॉस्माकडे गेले आहेत, आणि काही नावाजलेले विभाग व्यवस्थापन विद्याशाखेत असल्यामुळे तिथल्या वेगळ्या मानांकनावर समाधानी आहेत. खर्च आणि कागदपत्रांचा भार पाहता हे मानांकन घ्यावे की नाही, यावर तिथल्या प्राध्यापकांतही मतभेद आहेत.

मानांकन नसलेल्या ठिकाणी ती तपासणी तूच करायची आहेस. गेल्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका माग. पूर्णवेळ शिक्षक किती आणि पाहुणे किती, हे विचार. माहितीपत्रकावर ज्या माजी क्रिकेटपटूंचे छायाचित्र आहे ते वर्षातून किती तास शिकवतात, हेही विचार. मागील तुकडीतील दोन विद्यार्थिनींशी प्रत्यक्ष बोल आणि त्यांनी प्रशिक्षणार्थी म्हणून नेमके काय केले ते ऐक. अनेक ठिकाणी ‘इंटर्नशिप’ म्हणजे सामन्याच्या दिवशी दारावर उभे राहणे एवढेच असते. चांगल्या अभ्यासक्रमात संस्था आणि यजमान संघटना यांच्यात लेखी करार असतो, कामाचे तास ठरलेले असतात, तिथला एक अनुभवी माणूस मार्गदर्शक म्हणून नेमलेला असतो आणि त्याच्या अभिप्रायाला गुण असतात.

याबाबत आपल्या गावाने तुला मोजपट्टी दिलेलीच आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या फुटबॉल संघांचा सामना असतो तेव्हा तिकिटे, पोलीस बंदोबस्त, दोन्ही बाजूंच्या समर्थकांची बसण्याची सोय आणि सामन्यानंतर त्यांना बाहेर काढण्याचे मार्ग, हे सारे कोणाला तरी आधी ठरवावे लागते. खासबागेत किंवा गावोगावच्या यात्रांत कुस्तीचे मैदान भरते तेव्हा वर्गणी, जोडी नेमणे, इनामाची रक्कम आणि पंचांची निवड यांचा हिशेब यात्रा कमिटीच ठेवते. १९५२ मध्ये कुस्तीगीर खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावे म्हणून राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर ७००० रुपयांना गहाण टाकले. मी त्या त्यागापुढे नतमस्तक आहे, पण क्रीडावित्ताचा वर्ग याच प्रश्नाने सुरू व्हावा असे मला वाटते: कोणालाही घर गहाण टाकावे लागू नये म्हणून तो निधी कोणत्या मार्गांनी आणि किती आधी उभा करायचा? ज्या संस्थेत जाशील तिथल्या प्राध्यापकांना आपल्या एखाद्या मैदानाचा असा प्रश्न घालून पाहा. ते पुस्तक उघडतात की कागद-पेन्सिल घेतात, यावरून बरेच कळेल.

माझे आजचे मत पहिल्या संस्थेकडे झुकते, पण तिच्या प्रश्नपत्रिका आणि प्रशिक्षणाचे करार पाहिल्याशिवाय ते पक्के करू नकोस. घरी वडिलांना हे पत्र वाचून दाखव; शुल्कातील फरक त्यांना भारी वाटणे स्वाभाविक आहे आणि त्याविषयी मी स्वतः त्यांच्याशी बोलेन. पहिल्या हप्त्याची शेवटची तारीख तू कळवलेली नाहीस, ती कळव. त्याआधी तिन्ही संस्थांना पाठवायच्या प्रश्नांचा मसुदा करून रविवारी सकाळी घेऊन ये. उत्तरे ई-मेलवर मागायची आहेत, फोनवर नाहीत.

तुझे सर